कूसी शब्द चालव

मला फिनिश भाषेतला एकच शब्द येतो. पण येतो तो असा, की झोपेतून उठवलं तरी सगळ्या विभक्तींमधून एका दमात चालवून दाखवीन. उद्या मला कोणी फिनलंडमध्ये नेऊन सोडलं तर मी झाडात, झाडातून, झाडावर, झाडावरून आणि झाडाकडे अशी मनसोक्त हिंडू शकेन. प्यायला पाणी मात्र मला मागता येणार नाही. शब्द आहे कूसी. त्याचे अर्थ दोन. एक म्हणजे सहा, आणि दुसरा म्हणजे सुयांसारख्या पानांचं ते झाड, नाताळात इकडे घराघरात दिवे लावून उभं करतात त्या जातीचं. नुसता उच्चारला तर दोघे जुळे भाऊ. चालवायला घेतला की मात्र वाटा फुटतात. झाड असेल तर कूसेन, कूस्ता, कूसेस्सा. सहा असतील तर कूदेन, कूत्ता, कूदेस्सा. यातल्या 'कूत्ता'ला मी तेराव्या वर्षी इतकी हसले आहे, की अजूनही तिथे आलं की ओठ आपोआप हलतात. माझी लेक इथे रेडमंडला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. "आई, प्लीज, हे गणपतीच्या पार्टीत कोणाला ऐकवू नकोस," असं ती मला दर वर्षी बजावते. मी ऐकवतेच. म्हातारपणी माणसाकडे दाखवायला एखादी तरी कला हवी.

बाबा अमरावतीचे. डॉक्टर होऊन अमेरिकेला आले आणि मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर उरलेल्या एका गावात त्यांना नोकरी मिळाली, कारण तिथे जायला दुसरा कोणी तयारच नव्हता. त्यांनी निघण्यापूर्वी नकाशा पाहिला होता, पण तापमान विचारलं नव्हतं, असं आई जन्मभर म्हणत राहिली. अमरावतीच्या उन्हात वाढलेला माणूस घराच्या दारापर्यंत फावड्याने बोळ खणत जायचा आणि त्या बोळातून हॉस्पिटलला निघायचा. बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलं की आमच्या स्वयंपाकघरात दुपारीच दिवा लावावा लागे. गावात निम्मी माणसं फिनलंडहून खाणीत कामाला आलेल्यांची मुलं-नातवंडं होती. आडनावं एवढी लांब, की बाबांच्या पेशंटच्या कार्डावर मावत नसत. आमचं आडनाव कुळकर्णी, ते त्यांना फार आखूड वाटायचं.

शेजारी आयली आजी राहायची. नवरा खाणीतल्या धुळीने गेलेला, मुलगा रेमंड लाकडाचे ट्रक चालवत आठवडाभर बाहेर. उंच, हाडापेराने मजबूत, डोक्याला रुमाल, आणि इंग्रजी इतकंच की दुकानात आणि चर्चमध्ये निभावेल. आईचंही इंग्रजी तेवढंच. त्यामुळे दोघींचं छान जमलं. आई मराठीत बोलायची, आजी फिनिशमध्ये, आणि तासभर बोलून दोघी समाधानाने उठायच्या. ओळख झाली ती वासावरून. एका सकाळी आई मागच्या दारात उभी राहून नाक वर करून म्हणाली, "अगं, इथे कोणीतरी वेलदोडे कुटतंय!" त्या बर्फात, त्या गावात वेलदोडे! ती स्वेटर उलटा घालून तशीच वासामागे गेली. आजी गोड पाव करत होती आणि खलात खरंच वेलदोडे होते. आई परत आली ती हातात अर्धा पाव आणि डोळ्यांत पाणी घेऊन. दुसऱ्या दिवशी तिने थालीपीठ पोचवलं. आजीला थालीपीठ आवडलं, हिंग मात्र नाही. आमच्याकडे फोडणी पडली की तिच्या खिडक्या धाडधाड उघडत. तिच्याकडे खारवलेला मासा शिजला की आमच्या धाडधाड बंद होत. विरजणसुद्धा आईला तिच्याकडूनच मिळालं. ते दही असं, की चमचा उचलावा तर वाटीतलं सगळं दही त्याच्यामागून तार धरून वर येई. आपल्याकडे तार सुटलेलं दही टाकून देतात. आईनेही पहिल्यांदा निमूट मोरीत ओतलं आणि आजीला खुणेने सांगितलं की नासलं. आजीने कपाळावर हात मारला आणि पुन्हा वाटीभर आणून दिलं. मग तेच आमच्या घरचं दही झालं. बाबा जेवताना म्हणायचे, "हे दही खायचं का गुंडाळायचं?"

आमच्याकडे संध्याकाळी परवचा असे. शाळेतल्या मैत्रिणी टीव्ही बघायच्या त्या वेळी मी देवासमोर उभी राहून शुभंकरोती, मग पाढे, आणि मग संस्कृत शब्द चालवायचे. देवः देवौ देवाः. बाबा हात मागे बांधून दिवाणखान्यात येरझारा घालत. मराठी शाळा शेकडो मैलांत नव्हती, संस्कृतचा तर प्रश्नच नव्हता. पण बाबांचा एक सिद्धांत होता, की शब्द चालवता आला की भाषा आली. चुकलं की ते रागवत नसत. फक्त थांबत आणि म्हणत, "पुन्हा." थोडं थांबून, "पहिल्यापासून." त्या 'पुन्हा'ची मला एवढी धास्ती होती, की चतुर्थीपर्यंत बिनचूक जाऊन पंचमीला मुद्दाम खोकला काढायची. आयली आजी विणकाम घेऊन आमच्या हीटरजवळ येऊन बसायची, कारण तिच्या घरी बोलायला कोणी नव्हतं. तिला वाटायचं आमची प्रार्थना चालू आहे. पाढे चालू झाले की ती मान खाली घालून हात जोडायची. एकोणतीसच्या पाढ्याला तर तिने एकदा आमेन म्हटलं.

तिला हे खरं काय चाललंय ते कळलं, त्या संध्याकाळी सगळं सुरू झालं. बाबांनी गंभीर चेहऱ्याने समजावलं की हे नाम आहे, याच्या आठ विभक्ती आहेत, जगात असं दुसरीकडे फारसं नाही. आजीने सुया खाली ठेवल्या. खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाली, "कूसी." मग सहा बोटं वर केली आणि म्हणाली, "कूसी." आणि आमच्याकडे असं पाहिलं, की आता बोला. तिने असा शब्द जन्मात कधी चालवला नव्हता; आपल्या घरातल्या भाषेला कोण विभक्त्या लावत बसतं? पण बाबांनी ती रूपं तिच्याकडून पेशंटची लक्षणं काढावीत तशी काढली. झाडात म्हणायचं असेल तर? झाडातून? झाडावरून पडलं तर? झाडाशिवाय? आजी कंटाळून काहीतरी म्हणे आणि बाबा बोटं मोजत. आठ झाली, नऊ झाली, दहा झाली. बाबांचा चेहरा उतरत चालला. थांबली ती पंधरावर. त्या रात्री ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. "पंधरा," एवढंच म्हणाले. झोपायला जाता जाता मात्र त्यांचा चेहरा एकदम उजळला. "काय वो," आईला म्हणाले, "त्यांच्यात द्विवचन नाही! विचारलं मी. एक झाड, नाहीतर एकदम झाडंच झाडं. दोन झाडं आली तर काय करतील बिचारे?"

तेव्हापासून परवच्यात 'देव'नंतर 'कूसी' आला. आधी झाड, मग सहा. माझं नाव शुभदा, पण आजीच्या जिभेला श आणि भ वळायचे नाहीत, ती मला "सुप्ता" म्हणायची. सुप्ता उभी राहायची, कूत्ताला फिदीफिदी हसायची, आजी विणायची सुई माझ्या पोटरीवर टेकवायची आणि बाबांच्याच आवाजात म्हणायची, "पुन्हा." हा मराठीतला तिचा पहिला शब्द. दुसरा 'बास', तो आईने वाढताना शिकवला.

आता अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, ते कसं दिसतं हे सांगते. नाताळाआधी चर्चच्या तळघरात मुलांचा कार्यक्रम असायचा. बाकीच्या मुलांनी फिनिश गाणी म्हटली, तीही वाचून आणि चुकत. मग मी आईच्या जरीच्या साडीचा परकर आणि खाली बर्फाचे बूट घालून उभी राहिले आणि कूसी चालवला. झाड आणि सहा, दोन्ही, एका श्वासात. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. एक आजोबा काठी टेकत आले आणि माझ्याशी भडाभडा फिनिशमध्ये बोलू लागले. मला अक्षर कळलं नाही. मी गोड हसून म्हटलं, "कूसेस्सा." म्हणजे झाडात. ते पोट धरून हसले आणि सगळ्यांना सांगत सुटले, की डॉक्टरची पोर नुसती बोलतच नाही, विनोदही करते. त्यांनी काय विचारलं होतं ते मला आजवर माहीत नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी वर जाऊन ऐसपैस बसले. शाळेत मी सांगून टाकलं की मला चार भाषा येतात. बाबांनीही कधी हटकलं नाही, कारण त्यांच्या सिद्धांताप्रमाणे ते खरंच होतं.

आजीच्या परसात वाफेने अंघोळ करायची लाकडी खोली होती, सौना. दर शनिवारी दुपारी तिच्या धुराड्यातून धूर निघायचा, आणि आमची आई त्या धुरावरून शनिवार ओळखायची. जानेवारीतल्या एका शनिवारी धूर निघाला नाही. आई दोनदा खिडकीशी गेली. मग पायात जे होतं, म्हणजे घरातल्या सपाता, ते घालूनच बर्फातून धावली. आजी सौनाच्या बाहेरच्या खोलीत लाकडांच्या ढिगाशी पडली होती. अर्धांगाचा झटका. आई तिला मिठी मारून बसली आणि तिने मला हाका मारल्या, त्या मी अजून ऐकते. बाबा तिला हॉस्पिटलात घेऊन गेले. जीव वाचला. उजवी बाजू हळूहळू सुधारेल असं बाबा म्हणाले. पण आजी बोलेना. कोणाशीच नाही. चर्चमधल्या मैत्रिणी भेटायला आल्या, तर वाकडं झालेलं तोंड दिसू नये म्हणून तिने भिंतीकडे कूस वळवली. शहरातून मेंदूचे एक डॉक्टर आले. त्यांनी इंग्रजीत मोठ्याने विचारलं, हे साल कुठलं, राष्ट्राध्यक्ष कोण. आजीने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी मान हलवली.

रेमंड खिडकीपाशी टोपी हातात घेऊन उभा असायचा. हा माणूस मुळातच दिवसाला दहा शब्द बोलणारा. तो बाबांना म्हणाला, "डॉक, ती आता आत नाहीये. मी आठवडाभर रस्त्यावर असतो. तिला एकटीला ठेवू शकत नाही." मग उरलं एकच, खूप लांबच्या गावचा म्हाताऱ्यांचा आश्रम. घर विकायचं. सौनासकट. बाबांनी सांगितलं, हात-पाय सावरतील, डोकं ठिकाणावर असेल तर शेजारी आम्ही आहोत, नर्स येईल, ती घरी राहू शकेल. पण डोकं ठिकाणावर आहे हे कशावरून? त्यावर एक नर्स म्हणाली, "तुमच्या मुलीला का नाही आणत? ती तर फाडफाड फिनिश बोलते." बाबा उजळले. मला फोन आला.

माझी पाचावर धारण बसली. मी आईला म्हटलं, "आई, मला येत नाही गं फिनिश."

आई आजीचं दही विरजत होती. ते ती रोज लावत होती. आजी येईपर्यंत ते मरता कामा नये असं तिने ठरवलं होतं. "मग एवढे दिवस काय म्हणत होतीस?" ती म्हणाली.

"एकच शब्द येतो. झाड आणि सहा."

"मग तो म्हण," आई म्हणाली आणि माझ्या अंगात कोट कोंबला.

खोलीत सगळे होते. पलंगाच्या उशाशी बाबा, पायथ्याशी ते मेंदूचे डॉक्टर, दारात नर्स, खिडकीत रेमंड. आजी भिंतीकडे तोंड करून. तिच्या डोक्याला रुमाल नव्हता, पांढरे केस विस्कटले होते, आणि ती एवढी लहान दिसत होती की मला रडूच आलं. रेमंड म्हणाला, "तिला विचार, घरी जायचंय का." मी तोंड उघडलं. घर म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. जायचं म्हणजे काय, तेही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि हरभऱ्याच्या झाडावरून खाली उतरायला शिडी नव्हती. तेव्हा मी परवच्याला उभी राहायची तशी हात जोडून उभी राहिले आणि सुरू केलं.

"कूसी. कूसेन." झाडाच्या रांगेतून जाता जाता भीतीने मी सहाच्या रांगेत घुसले. "कूत्ता—"

"एइ."

तो नकार होता हे सुरावरून कळलं, पण कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही. आजीने मान वळवली होती. एक डोळा अर्धवट मिटलेला, दुसरा माझ्यावर रोखलेला. वाकड्या ओठांतून जड आवाज आला, "कूस्ता." आणि मग, बाबांच्या अगदी त्याच पट्टीत, "पुन्हा."

बाबांचे डोळे भरून आले होते, पण सवय काही सुटत नाही. ते म्हणाले, "पहिल्यापासून. म्हण ना पोट्टे, काहून थांबली?"

मी पुन्हा सुरू केलं. कूसी, कूसेन, कूस्ता. आणि इथे माझी दातखीळ बसली. जो शब्द मी चर्चभर मिरवला होता, आजोबांच्या तोंडावर फेकला होता, तो नेमका आठवेना. आजी वाट बघत होती. तिचा डावा हात पांघरुणावर सुई शोधत होता.

"कूसेस्सा," खिडकीतून कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं.

सगळे वळले. रेमंड कानापर्यंत लाल झाला होता. हा माणूस गावभर सांगायचा की मला फिनिशचं अक्षर येत नाही. लहानपणी शाळेत ती भाषा बोलला म्हणून बाईंनी वर्गाबाहेर उभा केला होता, तेव्हापासून त्याने ती टाकली होती. त्याची आई फिनिशमध्ये बोले आणि हा इंग्रजीत उत्तर देई, चाळीस वर्षं. आजीने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कूसेस्ता." तो म्हणाला, "कूसेएन." ती पुढचं, तो त्याच्या पुढचं, अडखळत, एकमेकांना सावरत, ती झाडावर चढली, तो झाडावरून उतरला. आणि मग त्यांनी शब्द सोडूनच दिला आणि ती दोघं नुसती बोलू लागली. रेमंड पलंगाशी गुडघ्यावर बसला होता, टोपी जमिनीवर पडली होती. मला एकही अक्षर कळत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मी कळल्याचं नाटक करत नव्हते. माझी तिथे काही गरजच उरली नव्हती. मी मध्येच एकदा हळूच म्हटलं, "कूसेना," पण कोणी लक्ष दिलं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी बाबांना हलक्या आवाजात विचारलं, की ही कुठली चाचणी, त्यांनी कुठे वाचली नव्हती. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "परवचा."

आजी घरी आली. शनिवारचा धूर पुन्हा निघू लागला, फक्त आता लाकडं रेमंड घालायचा. आईने जपलेलं दही तिला वाटीतून दिलं, तर तिने चमचा उचलून तार पाहिली आणि आईकडे बघून मान डोलावली. आईला एवढा आनंद माझ्या पहिल्या नंबरानेही कधी झाला नव्हता. गावात असला की संध्याकाळी रेमंडही येऊन हीटरजवळ बसायचा, मांडीवर टोपी ठेवून. मी चुकले की दोघं एकदम म्हणायचे, "पुन्हा." गावात माझी कीर्ती मात्र आणखी पसरली. डॉक्टरच्या पोरीने म्हातारीला बोलतं केलं, तेही शुद्ध फिनिशमध्ये. मी नाकारायचा प्रयत्न केला, पण लोकांना तो विनय वाटला.

हे सगळं परवा लेकीला पुन्हा सांगितलं. हल्ली मला नावं आठवत नाहीत, चष्मा शोधायला मी चष्मा लावून निघते, आणि लेक मग सहज बोलल्यासारखं करून विचारते, "आई, आज वार कुठला?" मला कळतं ती काय तपासते ते. मलाही भीती वाटते. आधी इंग्रजी जाईल, ते जाऊ दे. पण मग मी मराठीतून काही म्हणेन आणि लेक ऑफिसला गेली की इथे ते कोणाला कळेल? नात तर इंग्रजीतच उत्तर देते. म्हणून मी लेकीला म्हटलं, "हे बघ, उद्या मी भिंतीकडे तोंड करून पडले तर मला राष्ट्राध्यक्ष विचारू देऊ नकोस. माझ्या कानाशी बसून पाढा म्हण. एकोणतीसचा. आणि मध्येच चूक. मी आत असेन तर बोलल्याशिवाय राहणार नाही."

ती लॅपटॉपवरून डोकं वर काढून माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे ओले झाले होते. "पण आई," ती म्हणाली, "मला एकोणतीसचा पाढा कुठे येतो?"

"मग तर काळजीच मिटली," मी म्हटलं.